आबा ‘व्हय’ म्हणाले म्हणून फाईल बंद करू नका

कान तपासून श्रवणयंत्र बसवायच्या कामाला नव्यानं लागणाऱ्यांनो, बीएएसएलपीची (श्रवण आणि वाचा-उपचाराची पदवी) चार वर्षं, इंटर्नशिप, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेखही नीट वाचता येत असेल. कोल्हापुरात वयस्कर माणसांसोबत काम करताना माझी सगळ्यात जास्त दमछाक जिथं झाली, तेवढंच सांगते.

कानाचं मशीन बसवून आपण विचारतो, "आबा, ऐकू येतंय का?" आबा म्हणतात, "व्हय, चांगलं येतंय की." या ‘व्हय’वर विसंबू नका. खोली शांत, तुमचं तोंड समोर, प्रश्न ओळखीचा. आबा निम्मं ओठांवरून ओळखतात, उरलेलं अंदाजानं भरतात. शिवाय गगनबावड्याहून एसटीनं आलेलं माणूस तुमचं मन मोडत नाही. घरी मिक्सर, टीव्ही, पोरांचा दंगा; चार दिवसांत मशीन ट्रंकेत जातं.

वयोमानानं ऐकू कमी येतं तेव्हा आधी वरच्या फ्रिक्वेन्सी, म्हणजे बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स्वर ऐकू येतात. स, त, फ, क निसटतात. म्हणून आबांच्या मागं उभं राहा, सुटे शब्द म्हणा: सात, हात, कात, पात. ऐकलं ते त्यांना म्हणायला लावा. ‘सात’चं ‘हात’ झालं की काम कुठं बाकी आहे ते कळतं. मग तेच शब्द पंखा लावून. मग सुनेला बोलायला सांगा, कारण घरी तीच पाठमोरी, घाईत बोलणार. पुन्हा सांगते, हो-नाहीचा प्रश्न विचारायचाच नाही.

सॉफ्टवेअरनं आपोआप केलेल्या पहिल्या सेटिंगवर (फर्स्ट फिट) थांबणारे आणि दोन दिवसांच्या ट्रेनिंगवर मशीन विकणारे, यांच्याकडे उमेदवारी करू नका, पगार कितीही मिळो. घरच्यांशी अर्धा तास बोलणारा सिनियर भेटला तर कमी पैशात राहा.

आबा पहिल्या आठवड्यात वैतागले तर घाबरू नका. भांडं पडलं तरी ते दचकतात, मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. मशीनचा आवाज थोडा कमी ठेवून टप्प्याटप्प्यानं वाढवा. घरच्यांना ओरडू नका म्हणावं. अशा कानाला हळू आवाज पोचत नाही आणि मोठा सोसत नाही. उजेडात, समोरून, सावकाश बोललं की पुष्कळ भागतं.

डोळे विसरू नका. लाल खूण उजवी, निळी डावी हे आपल्याला दिसतं, मोतीबिंदू असलेल्या आजींना नाही. उजव्या मशीनवर बोटाला लागेल असा चिकटपट्टीचा तुकडा लावा. सेलचं स्टिकर काढून, मिनिटभर थांबून तो बसवणं तुमच्यासमोर त्यांनाच करू द्या. बोटं थरथरत असतील तर सरळ चार्जिंगचं मशीन सुचवा.

दोन्ही कानांत ऐकण्याचा 60 डेसिबल किंवा जास्त दोष असेल तर 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात पाठवा. पुढची तारीख मशीनच्या डब्यावर ठळक लिहा आणि सुनेचा नंबरही घेऊन ठेवा.