छोट्या शहराचा विमानतळ सुधारताय? या चुका टाळा

जिल्ह्याच्या ठिकाणचा जुना विमानतळ सुधारायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत टर्मिनलचं रंगीत चित्र भिंतीवर झळकतं. काचेचा दर्शनी भाग, पुढे बाग, आत स्थानिक कलाकुसर. धावपट्टीच्या टोकाला काय आहे, हे त्या बैठकीत कुणी विचारत नाही. अशा प्रस्तावांची छाननी करण्यात माझी नोकरीतली बरीच वर्षं गेली. निवृत्तीनंतर सल्ल्यासाठी येणाऱ्या फायलींतही त्याच चुका दिसतात. इमारतीचं चित्र मी आता पहिल्या बैठकीत बघतच नाही. नकाशा, सातबारे आणि पावसाचे आकडे घेऊन या, असं सांगतो.

विमान न ठरवता धावपट्टी ठरवणं

"आमच्याकडे एअरबस उतरली पाहिजे" ही मागणी प्रत्येक शहरातून येते. मागणी करणाऱ्याचं शहरावर प्रेम असतं, यात शंका नाही. पण आधी विमान ठरतं आणि मग त्याच्या हिशोबाने बाकी सगळं. सत्तर-बहात्तर आसनांचं एटीआर ७२ पूर्ण वजनाने, समुद्रसपाटीला आणि १५ अंश तापमानात सुमारे १३०० मीटर धावपट्टी मागतं. आपल्याकडे १५ अंश कुठून आणायचे? साडेतीनशे मीटर उंचीवरचं विदर्भातलं एखादं शहर घ्या, जिथे मे महिन्यात दुपारचं सरासरी तापमान ४२ अंश असतं. दर ३०० मीटर उंचीला लांबी सात टक्के वाढते आणि त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा जास्त असलेल्या प्रत्येक अंशाला आणखी एक टक्का. त्या १३०० मीटरचे बघता बघता अठराशे होतात. दोन्ही मिळून वाढ ३५ टक्क्यांच्या वर गेली, तर हा ढोबळ हिशोब पुरत नाही. विमान बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यांवरून स्वतंत्र अभ्यास करावा लागतो. या शहराच्या बाबतीत ती वाढ ३५ च्या वरच जाते.

अमरावतीच्या बेलोरा विमानतळाची धावपट्टी १३७२ मीटरवरून १८५० मीटर केली आणि १६ एप्रिल २०२५ ला एटीआरने मुंबईची सेवा सुरू झाली. मला हे नियोजन समजूतदारपणाचं वाटतं. एअरबससाठी हटून बसले असते, तर जमीन, ॲप्रन (विमानं उभी करायची फरसबंद जागा), अग्निशमनाची श्रेणी हे सगळंच वाढलं असतं आणि अमरावतीकर आजही नागपूरच्या रस्त्यावर असते. पुढे लागेल ती जमीन आज आरक्षित करून ठेवा, काँक्रीट मात्र आजच्या विमानापुरतंच ओता.

जमीन मोजणं आणि आकाश विसरणं

धावपट्टीभोवती चार किलोमीटरपर्यंत साधारण ४५ मीटरच्या वर काही उठता कामा नये. टोकाकडची मर्यादा याहून कडक असते. उतरण्याच्या मार्गाखाली दर ५० मीटर अंतराला एक मीटर एवढीच उंची मिळते, म्हणजे धावपट्टीभोवती मोकळ्या सोडलेल्या पट्ट्याच्या टोकापासून एक किलोमीटरवर जेमतेम २० मीटर. सहा मजली इमारत, मोबाइलचा टॉवर, पाण्याची उंच टाकी, महापारेषणचे मनोरे यांतलं काहीही तिथे अडथळा ठरतं.

सोलापूरने याची किंमत मोजली आहे. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाशेजारी सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे नव्वद मीटर उंचीची चिमणी होती. एकीकडे विमानसेवा मागणारे शहर, दुसरीकडे कारखान्यावर संसार चालणारे हजारो ऊस उत्पादक आणि कामगार. वर्षानुवर्षं आंदोलनं, प्रतिआंदोलनं, कोर्टकचेऱ्या चालल्या. अखेर १५ जून २०२३ ला ती चिमणी पाडली. त्यानंतर सुधारलेल्या टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं आणि गोव्याला पहिलं नियमित विमान उडायला ९ जून २०२५ उजाडला. दोन्ही बाजूंच्या माणसांचं यात जे नुकसान झालं, ते मला फार लागतं, कारण चिमणीचा पाया खणण्याआधी ते टाळता येण्याजोगं होतं.

माझी सवय सांगतो. विमानतळ प्राधिकरणाचा रंगीत झोनिंग नकाशा, म्हणजे कुठे किती उंच बांधता येईल ते दाखवणारा नकाशा, तयार असेल तर त्याची मोठी प्रत नगररचना विभागात, बांधकाम परवाने देणाऱ्या टेबलाच्या मागच्या भिंतीवर लावायला लावतो. आसपासच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत एक प्रत देतो आणि सरपंचांसोबत बसून कुठल्या गटात किती उंची चालेल ते समजावतो. नकाशा तयार नसेल, तर टर्मिनलच्या निविदेआधी तो करून घेतो. "एनओसी नंतर बघू" म्हणणाऱ्या माणसावर मी कुठलंच काम सोपवत नाही.

उन्हाळ्यात सर्वेक्षण उरकणं

काळ्या मातीच्या एका जिल्ह्यातली ही गोष्ट. धावपट्टी वाढवायची होती आणि वाढीव भाग एका ओढ्यावरून जाणार होता. सर्वेक्षण एप्रिलमध्ये झालं. ओढा कोरडा ठणठणीत, त्यात बाभळी वाढलेल्या. नकाशावर बारीक रेघ आली आणि आराखड्यात भरावाखाली दोन सिमेंटचे पाईप. बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मोजणीवाल्यांना सांगितलं होतं, "पोरांनो, पोळ्याच्या आधी येऊन बघा, इथं माणूस बुडतो." ते कुठेच लिहिलं गेलं नाही. मार्चअखेरच्या आत निधी खर्ची टाकायचा होता.

पुढच्या जुलैत तीन दिवस सलग पाऊस झाला. पाईप काटक्यांनी आणि गाळाने तुंबले, भराव धरणासारखा उभा राहिला आणि वरच्या अंगाची कपाशी नि सोयाबीन पाण्यात गेली. दाद घेणारा कुणी भेटेना, तेव्हा एका रात्री शेतकऱ्यांनी संरक्षक भिंत फोडून पाण्याला वाट करून दिली. मी त्यांना दोष देत नाही. वर्षाचं पीक डोळ्यांसमोर जात होतं. पाणी धावपट्टीलगतच्या पट्ट्यात शिरलं, दाबून सपाट केलेली माती वाहून गेली, उरलेली फुगली आणि पाणी ओसरल्यावर डांबराच्या कडेने लांबच लांब भेगा पडल्या. भिंतीच्या भगदाडातून गुरं आणि कुत्री आत. परवान्याची तपासणी पुढे गेली, दुरुस्तीत पाईप काढून मोठी काँक्रीटची मोरी बांधावी लागली, आणि ती मोरी आधी बांधली असती तर या दुरुस्तीच्या तुलनेत किरकोळ खर्चात झाली असती.

तेव्हापासून मी एक पावसाळा बघितल्याशिवाय निचऱ्याच्या आराखड्यावर सही करत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस चालू असताना, संपूर्ण हद्द पायी फिरतो. सोबत तलाठी आणि आसपासचा एक वयस्क शेतकरी हवाच. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कोणत्या बांधावरून भांडण आहे, हे त्याला ड्रोनपेक्षा चांगलं ठाऊक असतं. धावपट्टीच्या कडेला खोल चर खणून मोकळं होण्याची पळवाट अजिबात नको. त्यात पाणी साचतं, पाण्यावर बगळे येतात आणि बगळे इंजिनात जातात.

बाकीच्या चुका थोडक्यात.

विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि कत्तलीला विमान नियमावलीत मनाई आहे, तरी कित्येक नगरपालिकांचा डेपो नेमका त्याच रस्त्यावर असतो. डेपोचं स्थलांतर कामाच्या वेळापत्रकात पहिल्या ओळीत घाला.

धावपट्टी संपल्यावर सुरक्षिततेसाठी सोडायची जागा किमान ९० मीटर आणि शक्यतो २४० मीटर असते. किमान सोडून समाधान मानू नका. मंगळूरला २०१० मध्ये आणि कोळिकोडला २०२० मध्ये विमानं टोकावरून पुढे गेली, त्यात किती माणसं गेली ते आठवा.

साध्या दृश्य नियमांनी, म्हणजे वैमानिकाने डोळ्यांनी बाहेर बघत, उडायला पाच किलोमीटर दिसावं लागतं. कोकणातल्या पावसाळ्यात किंवा जानेवारीच्या धुक्यात ते रोज मिळणार नाही. हवामान खात्याकडून किमान पाच वर्षांच्या नोंदी आणा आणि उपकरणांच्या आधारे उतरण्याची सोय व नाईट लँडिंग पहिल्याच टप्प्यात धरा.

'उडान' या केंद्र सरकारच्या प्रादेशिक विमानसेवा योजनेतलं अनुदान तीन वर्षांचं असतं. सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळावर ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली आणि तीन वर्षांची मुदत संपताच ती बंद पडली. चौथ्या वर्षी विमान कोण भरणार, याचं उत्तर व्यापारी संघटना, कारखाने, रुग्णालयं यांच्याकडून लेखी घ्या. मुंबईत उतरायची वेळ सकाळची मिळते की भर दुपारची, तेही त्याच वेळी विचारा. दुपारी पोहोचणाऱ्या विमानाने मंत्रालयातलं काम करून कुणी त्याच दिवशी परतत नाही.

टर्मिनल एका वेळी एक एटीआर येईल आणि एक जाईल, म्हणजे दीडशे माणसं सामावतील, एवढंच बांधा. वाढवायची भिंत कोणती, ते आज ठरवून त्या बाजूला ना स्वच्छतागृह ठेवा ना विजेची खोली.

अग्निशमन बंब खरेदीच्या यादीत असतो, पण त्यावरच्या जवानांची पदं मंजूर नसतात. दोन्ही फायली एकाच दिवशी मंत्रालयात पाठवा.