वयस्क मांजर दत्तक घेतल्यावर: नवे घर आणि लिटर बॉक्स

आठ-दहा वर्षांचे मांजर नव्या घरी आले की त्याला सगळे घर एकदम मोकळे करून देऊ नये. कोकणातल्या घरांची पडवी आणि मागील दार दिवसभर उघडे असते, शिवाय कौलांखालच्या फटींतूनही बिथरलेले मांजर सहज निसटते. म्हणून निदान पहिला आठवडा त्याला बंद होणाऱ्या एका शांत खोलीत ठेवावे. खोलीत लपण्यासाठी पुठ्ठ्याचे खोके द्यावे आणि अन्नपाण्यापासून शक्य तितक्या दूरच्या कोपऱ्यात लिटर बॉक्स, म्हणजे मांजराच्या मलमूत्रासाठी माती किंवा दाणेदार भर (लिटर) घातलेली पेटी, ठेवावा.

उतारवयात सांधे दुखू लागतात, त्यामुळे उंच काठाचा बॉक्स मांजर टाळते. मांजराच्या दीडपट लांबीचा प्लास्टिकचा टब घेऊन त्याची एक बाजू कापून ठेंगणी करावी आणि कापलेली कड घासून गुळगुळीत करावी.

बॉक्समध्ये काय भरायचे, यावर बरेच अवलंबून असते. आयुष्यभर परसात माती उकरलेल्या मांजराला विकतचे दाणेदार लिटर परके वाटते. अशा वेळी अंगणातली लाल माती कडक उन्हात वाळवून, चाळून लिटरवर पसरावी आणि मांजर बॉक्स वापरू लागल्यावर तिचे प्रमाण हळूहळू कमी करावे. थर पाच ते सात सेंटिमीटरचा पुरे. पुळणीतली वाळू फुकट मिळत असली तरी वापरू नये, कारण तिच्यातले मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते आणि ओली वाळू पंजांना चिकटते. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथे पावसाळ्यासाठीची माती उन्हाळ्यातच वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवणे हिताचे. सुगंधी लिटर मात्र आणूच नये. घाण रोज काढावी. गर्भवती स्त्रीने हे काम दुसऱ्याकडे सोपवावे, कारण मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो.

मांजराने भलतीकडे लघवी केली तर त्याला रागावू नये, आणि ती जागा फिनाईलने तर मुळीच पुसू नये. फिनॉलयुक्त द्रव्ये मांजराचे यकृत नीट पचवू शकत नाही आणि पंजे चाटताना ती पोटात जातात. एन्झाइमयुक्त क्लीनर वापरावा.

आधी बॉक्स नीट वापरणारे मांजर अचानक बॉक्सबाहेर घाण करू लागले किंवा खूप पाणी पिऊ लागले, तर मूत्रपिंडाचा विकार अथवा मधुमेह असू शकतो, म्हणून पशुवैद्यांकडून तपासणी करून घ्यावी. बोका वारंवार बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबल्याची शक्यता असते. तेव्हा सकाळची वाट न पाहता, तालुक्याच्या गावी जावे लागले तरी त्याला ताबडतोब पशुवैद्यांकडे न्यावे.