मुक्तस्रोत प्रकल्पात विद्यार्थ्यांची तुकडी कशी घ्यावी

मुक्तस्रोत म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो असा प्रकल्प. त्यात विद्यार्थी घ्यायचे तर सुरुवात मार्गदर्शक मोजण्यापासून करा. नोकरी सांभाळून आठवड्याला चार तास खात्रीने देणारा माणूस दोन विद्यार्थी नीट सांभाळतो. तिसरा आला की पहिल्या दोघांचे पॅच, म्हणजे त्यांनी पाठवलेले कोडमधले बदल, तुंबतात. मार्गदर्शक तीन असतील तर जागा सहा. कॉलेज साठ नावांची यादी पुढे करेल, तिला गोड बोलून नकार द्या. प्रकल्प दुसऱ्याचा असेल तर जाहिरातीआधी मेंटेनरना, म्हणजे तो प्रकल्प सांभाळणाऱ्यांना, विचारा.

मुदत आठ आठवडे ठेवा, पण कॉलेज कोकणातलं असेल तर तिथलं पंचांग बघून. जून-जुलैत पावसाने वीज आणि नेट कधी जाईल याचा नेम नाही. गणपतीत वर्गात कोणी सापडत नाही आणि नोव्हेंबर-डिसेंबरात सेमिस्टरच्या परीक्षा येतात. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू करून शिमग्याच्या आसपास संपवणं बरं पडतं. गुगल समर ऑफ कोड या, नवख्यांना मुक्तस्रोत प्रकल्पांत काम देणाऱ्या कार्यक्रमाचे अर्जही साधारण मार्च-एप्रिलमध्ये भरले जातात, तोवर मुलांच्या नावावर दोन-तीन स्वीकारलेले बदल जमलेले असतात. आठवड्याला पाच तास धरले तर हाती येतात ४० तास. समर ऑफ कोडमध्ये सर्वांत लहान प्रकल्पालाही सुमारे ९० तास धरतात, त्यामुळे ‘नवीन ॲप बनवू’ अशा घोषणा नकोत.

खरी मेहनत कामं लिहिण्यात आहे. मुलं यायच्या आधी प्रत्येकी तीन, म्हणजे १८ इश्यू (प्रकल्पाच्या पानावर नोंदवलेली कामं) तयार हवेत. ‘शोध सुधारा’ असं लिहिलं तर नवखा मुलगा आठवडाभर नुसता कोड चाळत बसतो. त्याऐवजी असं लिहा: ‘शोधाच्या चौकटीत “दापोली” लिहून पुढे एक स्पेस राहिली तर निकाल रिकामा येतो. फोनचा कीबोर्ड शब्द सुचवताना ही स्पेस आपोआप टाकतो. फाइल अमुक, फंक्शन तमुक. शोधण्याआधी कडेच्या स्पेस काढायच्या आणि एक टेस्ट जोडायची. वेळ चार तास.’ असं प्रत्येक काम एकदा स्वतः करून बघा. तुम्हाला अर्धा तास लागला तर नवख्याला चार तास लागतील असं समजा.

पहिला आठवडा मशीन लावण्यातच जातो. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, आणि क्लोन म्हणजे त्यातून रिपॉझिटरीची (प्रकल्पाच्या कोडसाठ्याची) प्रत उतरवणं. हे क्लोन मध्येच तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून उतरवावं लागतं, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मोठी रिपॉझिटरी चार वेळा तुटते. म्हणून ‘गिट बंडल’ने अख्ख्या रिपॉझिटरीची एकच फाइल करा आणि पेनड्राइव्हवरून वाटा. मात्र बंडलवरून क्लोन केलं की ‘ओरिजिन’चा, म्हणजे प्रत जिथून आली त्या मूळ जागेचा, पत्ता त्या फाइलचाच राहतो. तो बदलून प्रत्येकाला स्वतःच्या फोर्कचा (प्रकल्पाच्या आपल्या खात्यावरच्या प्रतीचा) द्यायला लावा, नाहीतर पहिलाच पुश, म्हणजे बदल वर पाठवणं, फसतो. लॅबमध्ये आणखी एक घोळ होतो: मागच्या मुलाचं नाव आणि ईमेल गिटच्या सेटिंगमध्ये तसंच असतं आणि याचं काम त्याच्या नावावर चढतं. पहिल्या कमिटआधी, म्हणजे गिटमध्ये पहिला बदल नोंदवण्याआधी, दोन्ही तपासा.

प्रश्न इश्यूखालीच विचारायला लावा. मुलं व्हॉट्सॲपवर ‘सर, होत नाहीये’ आणि सोबत स्क्रीनचा तिरका फोटो पाठवतात. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एररचा मजकूर कॉपी करून: एवढं मागा. आणि ‘सर’ची सवय पहिल्याच दिवशी मोडा, कारण सरांची चूक दाखवायला कोणी धजत नाही.

पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल प्रकल्पात घ्या अशी विनंती, आली की ४८ तासांत काहीतरी उत्तर द्या, भले ‘रविवारी बघतो’ एवढंच. पहिल्या फेरीत तीनच सूचना द्या. इंडेंटेशन, स्वल्पविराम ही कटकट लिंटरवर (कोडची मांडणी आपोआप तपासणाऱ्या साधनावर) सोपवा. कोड एआयकडून लिहून घेतलेला वाटला तर आरोप करू नका; ही ओळ काढली तर काय बिघडेल, एवढंच विचारा.

प्रमाणपत्र पुल रिक्वेस्टच्या संख्येवर देऊ नका. ऑक्टोबर २०२० च्या हॅक्टोबरफेस्ट या मुक्तस्रोत योगदानाच्या उपक्रमात चार पुल रिक्वेस्टना टी-शर्ट होता, तर रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये) एखादा शब्द घुसवलेल्या पुल रिक्वेस्टचा इतका मारा झाला की नियम मध्येच बदलून फक्त संमती दिलेले प्रकल्प धरावे लागले. एक बदल मर्ज झाला, म्हणजे प्रकल्पात सामील झाला, आणि दुसऱ्या विद्यार्थ्याच्या कामाचा एक नीट रिव्ह्यू केला, एवढी अट पुरे.

चौथ्या आठवड्यात प्रत्येकाशी वीस मिनिटं बोला. सलग दहा दिवस गप्प असलेल्याला फोन करा. कारण बहुतेकदा लॅपटॉप बिघडलेला असतो किंवा लाज वाटत असते. शेवटच्या आठवड्यात नवीन काम देऊ नका. अर्धवट राहिलेल्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या फांदीवर) कुठवर आलं, काय अडलं हे पाच ओळींत लिहून घ्या आणि इश्यूवरचं त्या विद्यार्थ्याचं नाव काढा. नाव तसंच राहिलं तर दुसरं कोणी वर्षभर त्या कामाला हात लावत नाही.