सायलेन्सर बदलताय? पॅकिंग आणलं का?

ही यादी एका सिलिंडरच्या, ३५० सीसीच्या आसपासच्या गाडीसाठी आहे, जिचा बेंड पाइप (इंजिनमधून धूर बाहेर आणणारा वाकडा पाइप) इंजिनच्या हेडला दोन स्टडवर (हेडमधल्या आट्यांच्या दांड्यांवर) बसतो. बेंड पाइपसकट सगळं बदलणार असाल तर पूर्ण वाचा. फक्त मागचा डबा, म्हणजे सायलेन्सर, बदलणार असाल तरी पॅकिंगचं वाचाच.

आधी कायद्याचं. नव्या गाडीला मंजुरी मिळताना १७५ सीसीच्या वर ८० डेसिबलची मर्यादा असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)खाली आवाज-प्रदूषणासाठी पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय लायसन्स तीन महिने जातं. जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोलर फिरवल्याच्या बातम्या महाराष्ट्रात नव्या नाहीत. तेव्हा डीबी किलर (तोंडात बसणारी, आवाज कमी करणारी नळी) असलेलाच घ्या आणि तो आतच ठेवा. बीएस-६ गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) बेंड पाइपमध्ये आहे की डब्यात, हे पैसे देण्याआधी बघा. तो काढून टाकणारी सिस्टीम घेऊ नका. पीयूसी आणि वॉरंटी दोन्ही अडतील.

पाने, सॉकेट, चिंध्या, उजेड, हातमोजे: असतीलच. टॉर्क रेंच (नट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना) नसेल तर उसना आणा.

आता पॅकिंग. बेंड पाइप आणि हेड यांच्यामध्ये एक रिंग असते. ती दाबली जाऊन सील होते, आणि एकदा दाबली की तिचं काम संपतं. सुटलेली रिंग परत घातली तर नट कितीही आवळा, फट राहते. नव्या सायलेन्सरच्या खोक्यात ही रिंग बहुतेक वेळा नसते. खोक्यात क्लॅम्प असतो, बोल्ट असतात, स्टिकरसुद्धा असतं, पॅकिंग नसतं. ते गाडीच्या पार्ट नंबरने, कंपनीच्या काउंटरवरून, आधी आणा. दोन आणा. जुनं काढून नमुना दाखवून आणू म्हणाल, तर गाडी तोवर उघडी पडलेली असते आणि रविवारी दुकान बंद. बेंड पाइप आणि डबा यांच्या जोडातही काही गाड्यांत दुसरं पॅकिंग असतं; तेही आणा.

डबा ‘युनिव्हर्सल’ म्हणून विकला असेल तर विश्वास ठेवू नका. बेंड पाइपचा बाहेरचा व्यास आणि डब्याच्या तोंडाचा आतला व्यास व्हर्नियरने मोजा. १ मिलिमीटरचा फरक क्लॅम्प आणि उष्णता सोसणारी सीलंट पेस्ट भरून काढतात, ३ मिलिमीटरचा नाही. मग स्लीव्ह (फट भरणारी मधली नळी) लागते. ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) असलेल्या गाडीच्या नव्या बेंड पाइपला सेन्सरची आट्यांची बैठक आहे का आणि आटे जुळतात का, तेही तिथेच बघा. नसेल तर पाइप परत करा. वेल्डिंगवाल्याकडे जाऊन जुगाड करायची ही जागा नाही.

आदल्या रात्री दोन्ही स्टड-नटांवर गंज सोडवणारं तेल मारा. सकाळी परत. इंजिन पूर्ण थंड पाहिजे. नट अडला तर पाव फेरा सैल, जरा मागे, परत तेल, परत सैल. जोर लावून ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये स्टड मोडला तर पाचशे रुपयांचं काम पाच हजारांवर जातं. नटाबरोबर अख्खा स्टडच बाहेर आला तर घाबरू नका, आटे साफ करून परत बसवता येतो.

सेन्सरचा कनेक्टर आधी काढा, मग सेन्सर फिरवा, नाहीतर वायर पिळवटते. अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) फक्त आट्यांवर, टोकाला अजिबात नाही. जोडाला साधं सिलिकॉन फासू नका, त्याच्या वाफेने सेन्सर खराब होतो.

पाइप निघाला. थांबा. आता टॉर्च घेऊन हेडच्या तोंडात बघा. जुनी रिंग आतच असते. काजळीने ती हेडच्याच रंगाची झालेली असते, हेडचाच भाग वाटते. नखाने कडा चाचपा, बारीक आकडीने ओढा, बैठकीवर ओरखडा पडू देऊ नका. ती न काढता वर नवी घातली की दोन रिंगा होतात, फ्लँज (पाइप हेडला दाबून धरणारी नटांची पट्टी) तिरका बसतो आणि दोनशे किलोमीटरमध्ये नट सैल होतात. म्हणजे नवं पॅकिंग आणणं अर्धं काम, जुनं काढणं उरलेलं अर्धं. नव्या रिंगेला ग्रीसचं बोट लावून चिकटवा म्हणजे पाइप लावताना पडणार नाही. ग्रीस नंतर जळून जातं.

एवढं का डोकं खातोय? कारण इथे गळती असली तर धूर बाहेर येतोच, पण दोन स्फोटांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आतही ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो, मायलेज पडतं. थ्रॉटल सोडला की फटाके फुटतात, लोक त्याला ‘साउंड’ म्हणतात आणि जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची बारीक तोटी) नाहीतर ईसीयूच्या मागे लागतात. आधी पॅकिंग बघा.

बसवताना सगळं हातानेच, सैल. आधी मागचा हँगर (डबा गाडीला धरून ठेवणारी पट्टी) आवळलात तर पाइप ताणाखाली राहतो आणि काही महिन्यांत वेल्डिंगला तडा जातो. क्रम: हेडचे दोन नट आळीपाळीने, थोडे थोडे, मग जोडाचा क्लॅम्प, शेवटी हँगर. ८ मिलिमीटरच्या स्टडला बहुतेक ठिकाणी २० न्यूटन-मीटरच्या आसपास लागतं, पण मॅन्युअलचा आकडा खरा. हँगरची रबरं जुन्या डब्यावरून काढून घ्यायला विसरू नका.

गाडीवर दोघांना बसवून बघा, डबा स्विंग आर्मला किंवा मागच्या माणसाच्या टाचेला लागतो का. मेन स्टँडचा रबरी थांबा काही गाड्यांत जुन्या सायलेन्सरवरच असतो. नव्यावर नसेल तर स्टँड वर आपटत राहील. डीबी किलरच्या बोल्टला वायर बांधा, म्हणजे तो सैल होऊन पडणार नाही.

चालू करण्याआधी थिनरने सगळा पाइप पुसा. बोटांचे ठसे स्टीलवर भाजले की निघत नाहीत. पहिला धूर संरक्षक तेलाचा. थंड इंजिन चालू केल्याबरोबर फ्लँजजवळ हात धरा, लावू नका. फुंकर जाणवली तर पॅकिंग. दुसरं आणलंय ना?

शंभर किलोमीटरनंतर, थंड असताना, सगळे नट परत. कार्ब्युरेटर असेल तर स्पार्क प्लगचा रंग बघून जेट बदलायचा का ते ठरवा.

जुना सायलेन्सर भंगारात नाही. तोंडात चिंधी, माळ्यावर. गाडी विकताना किंवा १५ वर्षांनी नोंदणी नवी करताना लागेल.