फाटलेली जाळी: चौकट टाकू नका

घर भाड्याचं असेल तर आल्या आल्या सगळ्या खिडक्यांच्या जाळ्या दिवसाउजेडी बघा, फाटलेल्यांचे फोटो मालकाला पाठवा आणि दुरुस्ती कोणी करायची ते लेखी विचारून ठेवा. 'तुम्हीच करून घ्या' असं उत्तर आलं तरी धसका घेऊ नका. एका दुपारचं काम आहे, आणि माणूस बोलावला तर जाळीपेक्षा मजुरीच भारी पडते.

बारीक छिद्राला पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब पुरतो. बोटभर भोकाला ठिगळ लावा. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर त्याच जाळीचा तुकडा घ्या, कडेच्या दोन-तीन तारा उसवा, मोकळी झालेली टोकं वाकवून पलीकडे काढा आणि दुमडा. मऊ, कापडासारखी लागते ती फायबरग्लासची. तिला चिकटपट्टीचं ठिगळ चालतं. पण जाळी कडेने सुटली असेल किंवा उन्हाने इतकी कडक झाली असेल की बोट दाबताच फाटते, तर ठिगळं पुरे. सगळीच बदला.

जाळीची चौकट बहुतेक वेळा वरच्या खाचेत ढकलून उचलली की खालून सुटते. वरच्या मजल्यावर दुसऱ्या कोणाला तरी धरायला सांगा, हातातून निसटली तर ती थेट खालच्या रस्त्यावर जाईल. जाळी खाचेत दाबून धरणारी रबरी दोरी असते, तिला स्प्लाइन म्हणतात. पेचकसाने कोपऱ्यातून उचकटली की सरळ निघत जाते. तिचा तुकडा दुकानात सोबत न्या. जाडीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी एकतर ती खाचेत जात नाही, नाहीतर बसते आणि पुन्हा सुटते. जुनी परत वापरायचा मोह टाळा.

जाळी चारही बाजूंनी पाचेक सेंटीमीटर जास्त ठेवून कापा. पहिल्यांदा करताय तर फायबरग्लासच घ्या. ॲल्युमिनियमला एकदा घडी पडली की ती जात नाही. दोरी दाबायला दोन चाकांचा छोटा रोलर मिळतो, तो घ्याच. पेचकसाने दाबायला गेलात तर जाळीच फाटते.

खरी गोम ताणण्यात आहे. आपल्याला वाटतं, जितकी ताठ तितकी चांगली. पातळ चौकट मात्र त्या ताणाने मधोमध आत वाकते आणि मग खिडकीत बसतच नाही. म्हणून आतल्या बाजूने चौकटीला टेकतील असे लाकडाचे ठोकळे ठेवा आणि जाळी फक्त सपाट राहील इतकीच ओढा. दोरी बसवली की ती स्वतःच बराचसा ताण देते. उरलेली कड नव्या पात्याने, पात्याचं टोक बाहेरच्या बाजूला ठेवून, दोरीच्या बाहेरून कापा.

मांजर असेल तर पॉलिएस्टरची जाड जाळी घ्या, वारा थोडा कमी येईल. लहान मूल असेल तर खिडकीला वेगळा अटकाव लावाच. गजांच्या खिडक्यांची सवय असलेले आपण मुलांना बिनधास्त खिडकीत टेकू देतो. ही जाळी डास अडवते, मुलाचं वजन पेलत नाही.