एका गाळ्यातील बिघाड त्याच गाळ्यापुरता ठेवण्यासाठी पॅनेलची आखणी

अनेक भाडेकरू असलेल्या व्यापारी इमारतीत विजेच्या पॅनेलची खरी कसोटी लागते, ती एखाद्या गाळ्यात शॉर्टसर्किट झाल्यावर. अशा वेळी केवळ त्या गाळ्याचा ब्रेकर (जादा प्रवाह आल्यास परिपथ तोडणारे साधन) ट्रिप झाला, म्हणजे आपोआप पडला पाहिजे. मुख्य ब्रेकर पडून शेजारच्या दवाखान्यातील लशींचा फ्रिज बंद पडता कामा नये.

आखणीची सुरुवात केबलपासून करावी. परिपथाचा अपेक्षित प्रवाह ब्रेकरच्या रेटिंगपेक्षा आणि ब्रेकरचे रेटिंग केबलच्या वहनक्षमतेपेक्षा अधिक नसावे. ही क्षमता कॅटलॉगमधून जशीच्या तशी उचलू नये, कारण एकाच पाइपमधून पूर्ण भाराचे सहा परिपथ नेल्यास केबल एकमेकींना तापवतात आणि प्रत्येकीची क्षमता सुमारे 57 टक्क्यांवर येते; एकटी असताना 24 अँपिअर वाहणारी केबल तेथे जेमतेम 14 अँपिअर वाहू शकते. नवा भाडेकरू जादा यंत्रे लावतो, एमसीबी (परिपथाचा छोटा ब्रेकर) वारंवार पडू लागतो आणि कोणीतरी त्या जागी दुप्पट रेटिंगचा बसवून जातो. तक्रार थांबते, पण भिंतीतली केबल तापतच राहते. ही तडजोड कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नये.

त्यानंतर दोषप्रवाह, म्हणजे शॉर्टसर्किट झाल्यावर वाहणारा प्रवाह, काढावा. 500 केव्हीए, 400 व्होल्ट आणि 4 टक्के इम्पिडन्सच्या (प्रवाहाला होणाऱ्या अंतर्गत विरोधाच्या) ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भार सुमारे 720 अँपिअर असतो, त्याला 0.04 ने भागल्यास त्याच्या टर्मिनलवर शॉर्टसर्किटचा प्रवाह 18 किलोअँपिअरपर्यंत जाऊ शकतो. मीटर रूम ट्रान्सफॉर्मरला लागून असेल, तर तेथे 6 किलोअँपिअरपर्यंतचाच प्रवाह तोडू शकणारा एमसीबी दोष तोडताना स्वतःच फुटण्याचा धोका असतो. केबलची लांबी वाढेल तसा हा प्रवाह घटतो, त्यामुळे प्रत्येक पॅनेलचा हिशेब स्वतंत्रपणे करावा.

सर्वाधिक चुका होतात त्या वरच्या (मुख्य पुरवठ्याकडील) आणि खालच्या (गाळ्याकडील) ब्रेकरच्या समन्वयात. वरचा ब्रेकर मोठा असल्यामुळे तो नंतरच पडेल, असे गृहीत धरले जाते. सी प्रकारचा एमसीबी रेटिंगच्या 5 ते 10 पट प्रवाहाला तत्क्षणी तुटतो; म्हणजे 32 अँपिअरचा जास्तीत जास्त 320 अँपिअरला, तर 63 अँपिअरचा 630 अँपिअरला. दोषप्रवाह 2000 अँपिअर असेल, तर दोन्ही एकदमच पडू शकतात. म्हणून वरच्या बाजूला अल्पकालीन विलंब ठरवता येणारा एमसीसीबी (मोठ्या क्षमतेचा ब्रेकर) किंवा योग्य फ्यूज घ्यावा आणि ही जोडी उत्पादकाच्या समन्वय तक्त्यावर पडताळावी. विलंब ठेवल्यास तेवढा वेळ बसबार (पॅनेलमध्ये वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि केबल तो प्रवाह सोसतील, याचीही खात्री करावी.

भाडेकरूला आपल्या ब्रेकरपर्यंत दुसऱ्याचा गाळा न उघडता पोहोचता आले पाहिजे, आणि प्रत्येक ब्रेकरवर गाळ्याचा क्रमांक व परिपथाचे नाव स्पष्ट लिहिलेले असावे. पॅनेल उघडण्याचे काम परवानाधारक तंत्रज्ञानेच, पुरवठा बंद करून आणि कुलूप लावून करावे. टर्मिनल उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनेच आवळावेत, कारण सैल जोडात उष्णता साठते आणि प्रवाह वाढलेला नसल्याने ती कोणत्याही ब्रेकरला कळत नाही.