पंधरा वर्षांची मोटारसायकल पासिंगला नेताना या चुका टाळा

एमएच-१३, म्हणजे सोलापूर पासिंगच्या २००९-१० च्या गाड्या आता पंधरा वर्षं ओलांडून बसल्यात. सकाळच्या पाळीला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे निघालेल्या गाड्या बघा. हिरो होंडाची स्प्लेंडर, पॅशन, बजाजची डिस्कव्हर, पल्सर. आजही रोज पळतात, ॲव्हरेज देतात, एका किकमध्ये चालू होतात. त्यामुळे मालकाला वाटतं, गाडी टकाटक आहे, पासिंगला काय अडायचंय? आणि गाडी अडते ती ब्रेकलाइटच्या एवढ्याशा स्प्रिंगवर, गुळगुळीत टायरवर, नाहीतर कधीच फेडून झालेल्या कर्जाच्या नोंदीवर. इंजिनावरून परत आलेल्या गाड्या त्या मानाने कमी.

आधी एक घोळ मिटवू. रिक्षा-टेम्पोचं असतं तसं ठरावीक काळाने फिटनेस पासिंग आपल्या खासगी मोटारसायकलला नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ नुसार नोंदणी पंधरा वर्षांची, आणि पुढचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी, गाडी दाखवून. पीयूसी, म्हणजे धुराची तपासणी, मात्र वेगळी. बीएस-३ (धुराच्या मानकाचा टप्पा) आणि त्याआधीच्या गाड्यांना ती दर सहा महिन्यांनी काढावी लागते, बीएस-४ पासून पुढच्या गाड्यांना वर्षाने. पण सोलापूरच्या उन्हात रबर पाच वर्षं थांबत नाही. म्हणून वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळा उतरल्यावर, आपणच आपल्या गाडीचं पासिंग करावं. तसं करणाऱ्याला खऱ्या पासिंगची धास्ती राहत नाही.

आदल्या रात्री गॅरेजला टाकणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटी येतात. तारीख उद्याची, गाडी आज संध्याकाळी गॅरेजमध्ये. फिटर तरी काय करणार? ब्रेकचे नवे लायनर (ड्रमला घासणारं अस्तर) टाकतो, वायरी बदलतो, धुऊन पॉलिश मारून देतो. पण नवे लायनर ड्रमला लगेच बसत नाहीत, शेदोनशे किलोमीटर तरी गाडी चालावी लागते. तोवर ब्रेक मऊ लागतो. नवी वायर पहिल्या चार दिवसांत ताणते, क्लचचा आणि ब्रेकचा प्ले, म्हणजे लिव्हर-पेडलची मोकळी हालचाल, बदलतो. म्हणजे पासिंगच्या दिवशी गाडी नेमकी अर्धवट अवस्थेत असते.

नूतनीकरणाचा अर्ज, म्हणजे फॉर्म २५, मुदत संपण्याच्या आधी साठ दिवसांत करता येतो. ते साठ दिवस कागदांसारखे गाडीसाठीही वापरा. काम महिनाभर आधी करून घ्या, रोजच्या वापरात गाडी चालवा, आणि तारखेच्या आठवड्यात फक्त ॲडजस्टमेंट करा.

ब्रेक ‘लागतो’ म्हणून लायनर न बघणं

ड्रम ब्रेकच्या गाडीत मागच्या चाकाशी उकिडवं बसा. ब्रेकचा रॉड जिथे लिव्हरला जोडलाय, तिथे लिव्हरच्या बुडाशी एक छोटा बाण असतो आणि ब्रेक प्लेटवर एक खूण. दुसऱ्या माणसाला पेडल पूर्ण दाबायला सांगा. बाण त्या खुणेला जाऊन मिळाला तर लायनर संपले. मग रॉडचा नट कितीही आवळा, उपयोग नाही. आपल्याकडे हा नट आवळत आवळत पार शेवटच्या आट्यापर्यंत नेलेल्या गाड्या सर्रास दिसतात. पुढच्या ड्रमलाही अशीच खूण असते, पण बघतो कोण.

आता गंमत पुढे आहे. मागचा ब्रेक आवळला की पेडलचा प्ले कमी होतो, पण ब्रेकलाइटचा स्विच होता तिथेच राहतो. उजव्या बाजूला, पेडलच्या वर, फ्रेमला एक छोटा स्विच असतो आणि त्याला एक बारीक स्प्रिंग. प्ले बदलला की एकतर लाइट सतत पेटून राहतो किंवा पेडल पार खाली गेल्याशिवाय पेटतच नाही. स्विचवरचा प्लास्टिकचा नट फिरवून तो वरखाली करायचा असतो, दोन मिनिटांचं काम. नट फिरवताना स्विचची बॉडी हाताने धरून ठेवा, नाहीतर बॉडीच फिरते आणि वायर तुटते. ब्रेकचं काम झालं की गॅरेजमधून निघण्याआधी कुणाला तरी मागे उभं करून लाइट बघा. पुढच्या ब्रेकच्या लिव्हरलाही स्विच असेल तर तोही तपासा. धुळीने तो अडकतो आणि बहुतेकांना तो आहे हेच ठाऊक नसतं.

ब्रेकलाइटचा बल्ब बदलतानाही एक खोच आहे. हा दोन फिलामेंटचा बल्ब, साधारण २१/५ वॅटचा. त्याच्या दोन पिना एका उंचीवर नसतात. घाईत उलटा दाबून बसवला की टेललाइट भगभगीत आणि ब्रेक मारल्यावर मिणमिणता, असा उलटा कारभार होतो.

हेडलाइट लख्ख, म्हणजे वायरिंग ठीक?

नाही. त्या काळातल्या बऱ्याच १०० सीसी गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसतोच, तो थेट मॅग्नेट कॉइलच्या करंटवर चालतो. म्हणून रेस वाढवली की उजेड वाढतो. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट मात्र बॅटरीवर. बॅटरी मेली असली तरी किक मारून गाडी चालू होते, रात्री उजेडही पडतो आणि मालक निर्धास्त राहतो. पासिंगला हॉर्न दाबला की घसा बसल्यासारखा आवाज, इंडिकेटर लागला की लागलेलाच.

तपासायची रीत सोपी आहे. इंजिन बंद ठेवून चावी लावा, इंडिकेटर चालू करून हॉर्न दाबा. आवाज पडला, इंडिकेटर मंदावला, तर आधी बॅटरीची टर्मिनल्स घासा, पाणी बघा. सोलापुरात मार्च ते मे बॅटरीचं पाणी झपाट्याने उडतं. डिस्टिल्ड वॉटरच घाला. फिल्टरचं पाणी चालतंय की, म्हणणारे बरेच भेटतील, पण ते पीत असलेले बरे. बॅटरी चार्ज करूनही दोन दिवसांत बसत असेल तर नवी टाकण्याआधी चार्जिंग तपासून घ्या. कॉइलचा करंट बॅटरीला पुरवणारा रेक्टिफायर गेलेला असेल तर नवी बॅटरीही तशीच बसेल.

एका बाजूचा इंडिकेटर भराभर लुकलुकत असेल तर बहुधा त्या बाजूचा एक बल्ब गेलाय. चारही भराभर लुकलुकत असतील तर कुणीतरी एलईडी बल्ब टाकलेत आणि इंडिकेटर लुकलुकवणारा जुना फ्लॅशर तसाच ठेवलाय. साधे दहा वॅटचे बल्ब परत लावा किंवा एलईडीला चालणारा फ्लॅशर घ्या.

पीयूसीला थंड इंजिन घेऊन जाणं

घराशेजारच्या पंपावर, गाडी चालू करून दोन मिनिटांत नळी सायलेन्सरमध्ये. चोक अर्धा ओढलेला. मग आकडा वर जाणारच. १ एप्रिल २००० नंतरच्या चार-स्ट्रोक दुचाकींना, बीएस-४ च्या आधीपर्यंत, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ४५०० पीपीएम आहे. त्याआधीच्या गाड्यांना ४.५ टक्के आणि ९०००. ठीकठाक गाडी यात आरामात बसते. सात रस्त्याहून जुळे सोलापूरपर्यंत एक फेरी मारा, इंजिन नीट तापू द्या, मग तपासा.

तरीही आकडा जास्त आला तर कुठला आला ते विचारा. नुसतं ‘फेल’ ऐकून परतू नका. मोनॉक्साइड जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जातंय: एअर फिल्टर धुळीने चोंदलाय, चोक परत जात नाही, कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय किंवा मिक्स्चर स्क्रू कुणी फिरवलाय. हायड्रोकार्बन जास्त म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय: प्लग, मिसफायर, व्हॉल्व्ह. इथे टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हला ठेवलेल्या फटीचा, विषय येतो. जुन्या गाडीचा टिकटिक आवाज नको म्हणून मालकच फिटरच्या मागे लागतो आणि टॅपेट नको तितका घट्ट करून घेतो. इंजिन शांत होतं, पण गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि गाडी आयडलिंगला बंद पडू लागते. थोडी टिकटिक असू द्यावी.

निळा धूर निघत असेल तर तो कधी निघतो ते बघा. सकाळी चालू करताना एक भपका आणि मग साफ, तर व्हॉल्व्हचे ऑइल सील. रेस दिल्यावर सतत, तर रिंगा आणि बोअर, म्हणजे मोठा खर्च. त्यावर ‘घट्ट ऑइल टाका, पासिंगपुरतं निभावेल’ हा सल्ला हमखास मिळतो. निभावतंही कधीकधी. पण पाच वर्षं चालवायची गाडी आहे, हे ज्याचं त्याने ठरवावं.

अलीकडे कार्बोरेटरच्या तक्रारी वाढल्यात त्याचं एक कारण पेट्रोलमध्ये आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात इथेनॉलला नावं ठेवणं बरं दिसत नाही, पण २०१० च्या गाडीची पेट्रोल पाइप, ओ-रिंग, फ्लोटचं पॅकिंग या पेट्रोलसाठी बनलेलं नव्हतं. इथेनॉल ओलावाही धरतं. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करा. पाइप दाबून बघा, कडक झाली किंवा भेगा दिसल्या तर बदला. कार्बोरेटर आणि इंजिनामधल्या रबरी जोडावरही भेगा बघा. तिथून हवा ओढली गेली की आयडलिंग वरखाली होत राहतं आणि सगळे स्क्रूच फिरवत बसतात.

चेसी नंबरवर पॉलिश पेपर

पासिंगला इंजिन आणि चेसी नंबर जुळवून बघतात, बऱ्याचदा त्यावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेतात. चेसी नंबर बहुतेक गाड्यांत हँडलखालच्या नळीवर असतो, केबलच्या गुंत्यामागे, पंधरा वर्षांच्या धुळीत. तो दिसेना म्हणून पॉलिश पेपरने घासला तर एखादा आकडा पुसट होतो आणि मग छेडछाडीचा संशय. रॉकेल किंवा डिझेलचं फडकं आणि जुना टूथब्रश एवढंच वापरा. फ्रेमला रंग मारायचा असेल तर नंबरवर आधी टेप लावा. रंगाच्या जाड थराखाली गेलेला नंबर ठशात उमटत नाही.

इंजिन बदललं असेल किंवा गाडीचा रंगच बदलला असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी. ‘काळी होती, लाल केली, त्यात काय’ हे तिथे चालत नाही.

काढून ठेवलेल्या वस्तू

आरसे, साडीगार्ड, मागचं हँडल, मडफ्लॅप, मागचा लाल रिफ्लेक्टर. हे सगळं ‘लूक’साठी काढून माळ्यावर जातं. मागच्या सीटवरच्या माणसाला धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारं आवरण केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. स्पीडोमीटरही चालू हवा. काटा मेला असेल तर आधी केबल बघा, मीटर बदलायला धावू नका. कर्णकर्कश हॉर्न आणि फटफट वाजणारा सायलेन्सर उतरवा. मूळ सायलेन्सर असला तरी खालून हात फिरवा. गंजाचं भोक खालच्याच बाजूला पडतं.

टायरची खाच दुचाकीला ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. पण खाच शिल्लक असूनही टायर गेलेला असू शकतो. कडेला चार आकडे बघा: २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचे टायर झिजत नाहीत, उन्हात वाळून तडकतात.

पुढचं चाक अधांतरी उचलून फोर्क पुढे-मागे हलवा. कटकट लागली तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या नळीतलं बेअरिंग, गेलंय. हँडल सरळ असताना खाच पडल्यासारखं अडत असेल तरी तेच. मागचं चाक डावी-उजवीकडे हलत असेल तर चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या फोर्कचे) बुश.

नंबर प्लेट आणि कागद

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना राज्यात एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, सक्तीची आहे आणि ती नसेल तर आरटीओची पुढची कामं अडतात. ४१४१ चा ‘दादा’ करणाऱ्या प्लेटा आता आठवणीपुरत्या ठेवा.

कागदांत सर्वाधिक खोळंबा दोन गोष्टींनी होतो. पहिली, आरसीवर चढलेलं एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा. कर्ज फिटलं, पण बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन ते उतरवायचं राहिलं. पंधरा वर्षांत शाखा हलते, फायनान्स कंपनी दुसऱ्या कंपनीत जाते आणि एनओसी मागायला कुठे जायचं हाच प्रश्न होतो. दुसरी, गाडी वडिलांच्या नावावर आणि वडील हयात नाहीत. मग आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर गाडी करावी लागते. ही दोन्ही कामं साठ दिवसांच्या भरवशावर सोडू नका. परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून नोंद दिसते का, मोबाइल नंबर आपलाच आहे का, हे आजच बघा. फार जुन्या आरसी बुकाची नोंद ऑनलाइन चढलेलीच नसेल तर आधी ती चढवून घ्यावी लागेल.

थर्ड पार्टी विमा चालू हवा. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला २०२२ मध्ये ठरलेला वर्षाचा दर ७१४ रुपये अधिक जीएसटी आहे, तेव्हा पैशांची सबब नको. नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १००० रुपये झालं, आणि वीस वर्षांपुढच्या मोटारसायकलला ऑगस्ट २०२५ मध्ये ते २००० केलं. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटली की उशिराचे महिन्याला ३०० रुपये चढतात.

एजंटकडे काम दिलं तरी तो फॉर्म भरतो, ब्रेक नाही बघत. गाडी नापास झाली तर कोणत्या मुद्द्यांवर झाली ते लिहून घ्या, तेवढीच कामं करा आणि परत दाखवा. फिटरला ‘सगळंच बघून टाका’ म्हटलं की बिलात क्लच प्लेटाही येतात, आणि पासिंगला क्लच प्लेटा कुणी मागितलेल्या नसतात.